रुळांवरून माल का नको?

कोलकात्याच्या ट्रामगाड्या बंद करून मैदान ते एस्प्लनेड एवढाच मार्ग वारसा म्हणून राखण्याचा मनोदय पश्चिम बंगाल सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केला. त्यावर उमटलेला खेद बहुतांशी आठवणींचा होता. मुंबईनेही 31 मार्च 1964 रोजी आपल्या ट्रामला असाच गहिवरून निरोप दिला होता. आम्हांला मात्र निराळेच विचारावेसे वाटते: उतारू नकोत तर नकोत, पण या रुळांवरून माल का नेऊ नये?

कल्पना खुळी नाही. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मोटारींचा एक कारखाना भर वस्तीत, उद्यानालगत उभा राहिला. त्याला लागणारे सुटे भाग 2001 पासून मालवाहू ट्रामने येऊ लागले. सुमारे 60 मीटर लांबीची ही गाडी 60 टन, म्हणजे तीन मालमोटारींचा भार, उतारूंच्या ट्रामगाड्यांमधूनच वाट काढीत नेई. डिसेंबर 2020 मध्ये ती थांबली. कारखान्यात तयार होणारी मोटार बदलली आणि सुट्या भागांची ने-आणही. झुरिचची ट्राम त्याहून गरीब कामाची. 2003 पासून ती ठरल्या दिवशी ठरल्या थांब्यावर उभी राहते आणि नागरिक घरातील मोडके सामान तिच्यात आणून टाकतात. मोटारीतून आणावयाचे नाही, हा नियम आम्हांला विशेष आवडला.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये मात्र हाच बेत फसला. दुकानांचा माल ट्रामने शहरात आणून पुढे विजेच्या छोट्या गाड्यांनी पोचवावयाचा, अशी योजना होती. 2007 मध्ये प्रयोगही झाला. परंतु जादा रुळांसाठी भांडवल उभे राहिले नाही आणि 2009 मध्ये कंपनी बुडाली. ड्रेस्डेनला दोन्ही टोके ठाऊक होती, येथे दुसरे टोक शेकडो दुकानांत विखुरलेले होते. खर्च धावण्याचा नसतो, चढउताराचा असतो.

हे गोमंतकीयांना नवे नाही. कोकण रेल्वेने 1999 मध्ये कोलाड ते वेर्णे भरल्या मालमोटारीच आगगाडीवर चढविल्या, त्या माल न उतरविता!

कोलकात्यात सियालदहच्या कोले बाजारात रोज भाजीपाला येतो, तो पुढे शहरभर पांगतो. त्यातला किती, कोणत्या बाजारांकडे, एकगठ्ठा जातो? पूर्वापार रूळ जेथे शाबूत असतील तेथे ते उखडण्याआधी बंगाल सरकारने निदान एवढी मोजदाद करावी.