गोळ्या लपवू नका, केमो टाळू नका

केमोने अन्नावरची वासना उडालेल्या रुग्णाला होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी धीर येत असेल, तर त्याला कुणी दटावू नये. मात्र त्या गोळ्यांनी गाठ विरघळते, याला विश्वासार्ह पुरावा नाही. येल विद्यापीठाच्या संशोधकांच्या २०१८च्या अभ्यासात, प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या कर्करुग्णांत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला; स्तनाच्या कर्करोगात तर पाचपटींहून अधिक. ‘ऑपरेशन टाळू’ असे आश्वासन देणाऱ्याच्या दवाखान्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. कर्करोगाचा संशय येईल अशी गाठ दिसताच होमिओपॅथने रुग्णाला कर्करोगतज्ज्ञाकडे धाडलेच पाहिजे. तज्ज्ञांनीही ‘आणखी काय घेता?’ हे न रागावता विचारावे. ओरडा बसेल या धास्तीने गोळ्यांची बाटली लपवली जाते, आणि तिच्यापायी चुकवलेली केमोची तारीखही.