गाडी माझी, मग पाना दुसऱ्याच्याच हातात का?

गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीखाली झोपलो होतो. सेक्रेटरी आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, चांगले शिकलेसवरलेले तुम्ही. हे काय चालवलंय? सर्व्हिस सेंटरला द्या ना." हात ग्रीसने काळे होते म्हणून तिथे वाद घातला नाही. आता हात धुतलेत, तर सविस्तर लिहितो. लांब आहे, पण चारचाकी असेल तर वाचाच.

माझी गाडी पंधरा वर्षांची साधी हॅचबॅक. महिनाभर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या डाव्या चाकातून कट-कट-कट आवाज यायचा. सर्व्हिस सेंटरला नेली. "सर, ड्राइव्हशाफ्ट गेला. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. अकरा हजार आठशे."

ड्राइव्हशाफ्ट म्हणजे आपल्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत एक्सल. गिअरबॉक्सची ताकद पुढच्या चाकापर्यंत नेणारा दांडा. चाक वरखाली होतं, वळतं, म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात आणि त्या जॉइंटवर रबराचं घड्यांचं टोपण असतं, ते बूट. आत ग्रीस भरलेलं. बूट फाटलं की ग्रीस उडून जातं, धूळ-पाणी आत शिरतं आणि आतल्या गोळ्या जागा खायला लागतात. तोच तो कट-कट आवाज.

आता मुद्द्यावर येतो. चाक काढलं तर रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं ग्रीस वाळून दगड झालेलं. म्हणजे बूट फाटून बरेच महिने झालेले. आणि माझ्याकडे दोन वर्षांतल्या तीन सर्व्हिसिंगच्या चेकलिस्ट आहेत. तिन्हींवर "ड्राइव्हशाफ्ट बूट" या ओळीसमोर बरोबरची खूण! कुणी वाकून पाहिलंच नाही. त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर साडेचारशेचं बूट आणि नऊशे मजुरी, साडेतेराशेत काम होतं. न पाहण्याचे पैसे मी भरले, आणि न पाहिल्यामुळे वाढलेल्या कामाचेही मीच भरायचे. हा कुठला न्याय?

म्हणून ठरवलं, स्वतः करायचं. नाना पेठेतून दुसऱ्या कंपनीचा नवा शाफ्ट आणला, चार हजार तीनशे. ऑइल सील, गिअर ऑइल, नवा हब नट, सर्क्लिप मिळून साडेबाराशे. जॅक स्टँडची जोडी सोळाशे. हब नटाचं मोठं सॉकेट जुन्या बाजारात अडीचशेला. एकूण सात हजार चारशे, आणि त्यातली हत्यारं जन्मभराची.

काम काय असतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे "तुम्हाला नाही जमणार" याचा अर्थ तुम्हीच लावा. गाडी जमिनीवर असतानाच हब नटाची ठोकलेली कड छिन्नीने सरळ केली, मुलाला ब्रेकवर बसवलं आणि नट ढिला केला. मागच्या चाकांना दगड लावले, गाडी उचलली, स्टँडवर टेकवली, हलवून पाहिली. गिअर ऑइल भांड्यात काढलं. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला, हब बाहेर ओढला आणि शाफ्टचं टोक त्यातून मागे सरकवलं. मग टॉमीने गिअरबॉक्सच्या बाजूचा जॉइंट हळूच उचकटला. नवा शाफ्ट आत ढकलला, सर्क्लिप बसल्याचा 'टक्' आवाज आला, ओढून खात्री केली. शेवटी नवा नट, चाक जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने कंपनीच्या मापात आवळला, कड ठोकली, ऑइल भरलं.

मेस्त्री दीड तासात करतो, मला सहा तास लागले. बॉल जॉइंटनेच दोन तास खाल्ले. तेव्हा हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. जादूटोणा नाही, एवढंच म्हणतो.

आता येणारे आक्षेप.

"जीवाशी खेळ आहे." आहेच, पण कुठे ते नीट समजून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणं हा मूर्खपणा आहे, तो कुणीही करू नये. स्टँड नसेल, टॉर्क रेंच नसेल, तर या कामाला हात लावू नका. पण धोका आहे म्हणून माहितीच द्यायची नाही, हे उत्तर होत नाही. घरातला गॅस सिलिंडरही आपणच बदलतो. कसा बदलायचा ते आपल्याला शिकवलंय, म्हणून.

"गरीब मेकॅनिकच्या पोटावर पाय देताय." उलट! मला टॉर्क रेंच कोपऱ्यावरच्या मेस्त्रीनेच दिली. टॉर्कचं माप मात्र त्याच्याकडेही नव्हतं. मॅन्युअल कंपनीचं, ते अधिकृत सेंटरच्या कॉम्प्युटरमध्ये. तो बिचारा तीस वर्षं अंदाजाने आवळतोय. त्याच्या पोटावर पाय कुणी दिलाय ते आता तुम्हीच सांगा.

आणि ही काही माझी एकट्याची कुरकुर नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, तो नेमका याच कारणासाठी. सुटे भाग, मॅन्युअल, निदानाची हत्यारं खुल्या बाजारात मिळू न देणं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही आयोगाने बजावलं होतं. प्रकरण पुढे अपिलांत, कोर्टात गेलं. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही काढलं. त्यात वाहन क्षेत्र आहे. छान. पण आजही काउंटरवर विचारून बघा, "बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल हं सर" हे वाक्य ऐकायला मिळतंच. पोर्टलने नट सुटत नाही. कायदा लागतो, आणि तो मागणारं गिऱ्हाईक लागतं.

मागण्या साध्या आहेत. दुरुस्तीचं मॅन्युअल, टॉर्कच्या आकड्यांसकट, गाडीमालकाला आणि कोपऱ्यावरच्या मेस्त्रीला परवडेल अशा किमतीत मिळालं पाहिजे. बूटसारखा भाग सुटा मिळतो, तिथे पूर्ण असेंब्ली गळ्यात मारण्याआधी लेखी कारण द्या. आणि चेकलिस्टवर खूण करणाऱ्याने खाली सही करावी.

तोवर आपण काय करायचं? पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी रॅम्पवर असताना आत जा. "कस्टमरला आत परवानगी नाही" म्हणाले तर चारही बूटांचे फोटो मागा. बदललेला जुना भाग मागून घ्या, पैसे तुम्ही दिलेत, तो तुमचा आहे. आणि निदान एकदा तरी स्वतः चाक काढून आत डोकावा. फाटलेलं बूट कुणालाही दिसतं. बघायचंच नाही असं ठरवलं तरच दिसत नाही.

सेक्रेटरीसाहेब, पार्किंगमध्ये तेलाचा एक थेंब सांडलेला नाही. जुनं ऑइल बाटलीत भरून मेस्त्रीकडे दिलंय. तुमच्या गाडीचाही वळताना आवाज येतोय. रविवारी सकाळी मोकळा आहे. स्टँड माझे, चहा तुमचा.