वेगवान गाडी बनवायची आहे? मग आधी ब्रेक बनव!



बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, घाटावर जा की घाटाखाली, एक मुलगा तुम्हाला नक्की भेटेल. नववी-दहावीत असतो, नाहीतर नुकताच कॉलेजला लागलेला असतो. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने मोटरसायकलचं चित्र काढलेलं असतं. शाळा सुटली की तो गॅरेजवर जाऊन बसतो. मिस्त्रीला पाना देतो, प्लग साफ करतो. त्याचं एकच स्वप्न असतं : भंगारातून एक जुनी गाडी घ्यायची, ती स्वतःच्या हातानं खोलायची, जोडायची आणि सगळ्यांपेक्षा जोरात पळवायची.

या मुलाशी आपण मोठी माणसं कसं वागतो? घरचे म्हणतात, "अभ्यास सोडून हे काय धंदे?" शाळेत आपण त्याला मागच्या बाकावर बसवतो. दोस्त मात्र म्हणतात, "काढ ना गड्या शंभराच्या वर!" मला वाटतं, दोघंही त्याचं नुकसान करतात. तरुणपणी वेगवान गाडी स्वतः बनवणं ही चैन नाही आणि वाया जाणंही नाही. नीट केलं तर ते उत्तम शिक्षण आहे. मात्र ते नीट करायला शिकवणारं कुणीतरी हवं, आणि ते काम शाळेचं आहे. याच मतासाठी आजचा हा लेख.

या वेडाचं मूळ कुठं आहे?

यामाहा आरएक्स 100 हे नाव ऐकलं की आजही पोरांचे डोळे चमकतात. ही गाडी भारतात 1985 ते 1996 या काळात बनली. म्हणजे आज तिच्यामागे लागलेल्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता! इंजिन फक्त 98 सीसीचं, ताकद सुमारे 11 अश्वशक्ती. पण गाडी वजनाला हलकी, साधारण 100 किलोची. त्यामुळे मूठ पिळली की ती उसळायची. टू-स्ट्रोक इंजिनात भाग कमी. घरच्या अंगणात खोलता येतं, आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. म्हणून ती गाडी म्हणजे एका पिढीची प्रयोगशाळाच झाली.

आता मित्रांनो, एक फरक नीट लक्षात घ्या. गाडी बनवणं वेगळं आणि गाडीचा आवाज वाढवणं वेगळं. सायलेन्सरची आतली जाळी काढून टाकली, फटाका सायलेन्सर बसवला, आरसे काढले, मागचा मडगार्ड कापला, तर गाडी जोरात ओरडते. ती जोरात पळेलच असं नाही. टू-स्ट्रोक गाडीची तर अशानं ताकद कमीही होऊ शकते.

का? पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाचा अभियंता होता. त्याने 1950 च्या दशकात सायलेन्सरच्या नळीचाच अभ्यास केला. जळलेला वायू बाहेर पडतो तेव्हा नळीतून दाबाची लाट जाते. नळी मध्ये फुगवून पुढे निमुळती केली, तर ती लाट परत फिरते आणि बाहेर निसटणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. नळीची लांबी थोडी चुकली की लाट अवेळी पोहोचते आणि फायदा जातो. या अभ्यासाच्या जोरावर 1961 मध्ये त्यांच्या 125 सीसीच्या शर्यतीच्या गाडीने 25 अश्वशक्ती दिली! आरएक्स 100 च्या 11 शेजारी हा आकडा ठेवून पाहा. इंजिन जेमतेम सव्वापट, ताकद मात्र दुपटीहून जास्त. आपण विज्ञानाच्या पुस्तकात 'तरंगाचे परावर्तन' शिकतो ना, तेच हे. हातोडीनं जाळी फोडणाऱ्याला हे कळणार नाही. वही-पेन घेऊन बसणाऱ्याला कळेल.

गणित गॅरेजमध्येच असतं

मुलं म्हणतात, गणित आयुष्यात कुठं कामी येतं? चेनचं उदाहरण घ्या. गॅरेजवाले ज्याला 'चेनसॉकेट' म्हणतात त्याचे दाते मोजा. समजा मागच्या चाकाला 42 दाते आहेत आणि पुढे 14. म्हणजे पुढची चक्री 3 वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. पुढे 15 दात्यांची चक्री बसवली तर हे प्रमाण 2.8 होतं. इंजिन तेवढंच फिरेल, पण चाक सुमारे 7 टक्के जास्त फिरेल. जिथं 70 चा वेग होता तिथं 75 मिळेल. फुकटात वेग? नाही! ओढही तेवढीच कमी झाली. डबलसीट घाट चढताना गाडी हाफायला लागेल. एक घेतलं की दुसरं द्यावं लागतं. अभियांत्रिकीचा हा पहिला धडा, आणि तो सहा-सात बोल्ट खोलून शिकता येतो.

वेग वाढवलेल्या मुलांना मी नेहमी एकच प्रश्न विचारतो. "सर, माही गाडी शंभराच्या वर जाते," असं कुणी सांगितलं की मी विचारतो, "अन् थांबते कितीत?" उत्तर सहसा येत नाही. कारण ते कुणी मोजलेलंच नसतं.

चला, आपण मोजू. समोर बैल आडवा आला. तो दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक बरे आहेत, दर सेकंदाला वेग 5 मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असं समजू.

वेग ताशी 40 किमी असेल तर त्या एका सेकंदात गाडी 11 मीटर जाते, ब्रेक लागल्यावर आणखी 12 मीटर. एकूण सुमारे 23 मीटर.

वेग ताशी 80 किमी असेल तर आधीचे 22 मीटर आणि ब्रेक लागल्यावर 49 मीटर. एकूण सुमारे 72 मीटर.

वेग दुप्पट झाला, पण ब्रेकचं अंतर चौपट झालं. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, हे तुम्ही पाठ केलेलंच आहे. 72 मीटर म्हणजे किती? 13 मीटर लांबीची कबड्डीची साडेपाच मैदानं एकापुढे एक मांडा. एवढं अंतर बैल थांबून वाट पाहणार आहे का?

आणि हा हिशेब सपाट रस्त्याचा, चांगल्या ब्रेकचा. जुन्या आरएक्सला पुढे-मागे ड्रमब्रेक. बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरताना, नाहीतर खामगावकडे बोथा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की लायनर तापतात आणि पकड सुटायला लागते. टू-स्ट्रोक इंजिन मूठ सोडल्यावर गाडीला फारसं रोखतही नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेक, टायर, चाकाचे बेअरिंग आणि शॉकअप या चार गोष्टी आधी. ज्याला गाडी थांबवता येते त्यालाच ती पळवायचा अधिकार आहे.

महाराष्ट्रातली दोन उदाहरणं

स्वतः यंत्र बनवण्याची जिद्द आपल्या मातीत कमी नाही. मोटरसायकलची नसली तरी त्याच जिद्दीची दोन उदाहरणं सांगतो.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. भंगारातले भाग जमवून, सुमारे 60 हजार रुपयांत त्यांनी मुलासाठी एक छोटी चारचाकी बनवली. दुचाकीसारखी किक मारली की सुरू होणारी! डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं. पण त्याच वेळी हेही सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल. म्हणून तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलं, आणि मन जड करणारं. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा शेख इस्माईल, गावात सगळे त्याला मुन्ना म्हणत. शाळा आठवीनंतर सुटलेली, हातात वेल्डिंगचं कसब. त्याने मारुती 800 चं इंजिन वापरून एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं. ऑगस्ट 2021 मध्ये जमिनीवरच चाचणी चालू असताना पंखा तुटला आणि तो लागून मुन्नाचा जीव गेला.

या दोघांत बुद्धीचा फरक नव्हता. मुन्नाला वेडा म्हणू नका. मला त्याच्यात एक विद्यार्थी दिसतो, ज्याला प्रयोगशाळा मिळाली नाही. धातू किती ताण सहन करतो, फिरता भाग तपासायचा कसा, चाचणीच्या वेळी माणसानं किती लांब उभं राहायचं, हे सांगणारा एक जाणकार त्याच्या शेजारी असता तर? हा प्रश्न आपल्या शिक्षणाला आहे, त्या मुलाला नाही.

घाई नाही, नोंद हवी

न्यूझीलंडचे बर्ट मन्रो यांची गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्यांनी 1920 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी 'इंडियन' कंपनीची मोटरसायकल घेतली. (नाव इंडियन, पण कंपनी अमेरिकेची बरं का!) मूळ गाडी जेमतेम ताशी 90 किमीच्या आसपास पळायची. ते आयुष्यभर तिच्यावर काम करत राहिले. पिस्टनसुद्धा स्वतः ओतले. तुटलेले, वितळलेले भाग फेकून न देता फळीवर मांडून ठेवले. शेवटी 1967 मध्ये, 68 व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर त्यांनी त्याच गाडीवर ताशी सुमारे 295 किमीचा विक्रम केला. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, वेगाची परीक्षा त्यांनी मोकळ्या मैदानावर दिली, बाजाराच्या रस्त्यावर नाही. दुसरी, त्याला 47 वर्षं लागली. आपल्याला मात्र रविवारपर्यंत पाहिजे असतं!

कायदा काय म्हणतो?

पालकांनी हा भाग नीट वाचावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. एका हौसेपायी पोराची सात-आठ वर्षं अडकतात. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला परवानगीच नाही, मग ती कितीही वेगवान असो.

म्हणजे बनवायचंच नाही का? बनवायचं! पण रस्त्यावर नाही, कार्यशाळेत.

शाळा काय करू शकते?

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता शिकायचं, हे त्याचं सूत्र. तिथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय आठवी ते दहावीच्या मुलांना वेल्डिंग, वीज, शेती, आरोग्य यांची खरी कामं करत शिकवतो. आता नवीन शैक्षणिक धोरणातही सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. मग त्या दहापैकी दोन दिवस एक भंगारातलं इंजिन शाळेत का येऊ नये?

पेट्रोल नको, सुरू करायची गरजही नाही. पत्र्याच्या टेबलावर ते घट्ट बसवा. गावातल्या मिस्त्रीला सन्मानानं बोलवा, त्या दिवशी तेच गुरुजी. मुलं-मुली मिळून इंजिन खोलतील, प्रत्येक भाग मोजतील, चित्र काढतील, पुन्हा जोडतील. जोडून झाल्यावर एखादा नट उरला तर तोही धडाच! पुढे आवड टिकली तर आयटीआय आहे, शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन बाहा एसएई इंडियासारख्या स्पर्धांत उतरतात. तिथं गाडी मैदानात सोडण्याआधी तांत्रिक तपासणी होते आणि ब्रेकची चाचणी द्यावी लागते. बघा, तिथंही आधी ब्रेकच!

कुणी म्हणेल, "सर, तुम्ही पोरांच्या हाती आगकाडी देताय." पण आगकाडी त्यांच्या हातात आधीच आहे. मोबाईलवर पाहून ती कशीही ओढली जातेय. चूल पेटवायची की गंजी, हे शिकवणं आपल्या हातात आहे.

शेवटी, तुझ्यासाठी

आणि आता तू, मागच्या बाकावर बसून गाडीचं चित्र काढणाऱ्या दोस्ता. गाडी नक्की बनव. पण या आठवड्यात एवढं कर. एक जाड वही घे. घरच्या गाडीच्या चेनसॉकेटचे दाते मोजून प्रमाण काढ. मागचा ब्रेकशू किती झिजलाय ते मिस्त्रीकडून पाहून घे आणि जाडी लिहून ठेव. तुझ्या गाडीसाठी 30, 60 आणि 90 च्या वेगाला थांबायचं अंतर वरच्या रीतीनं काढ. गाडी न पळवता, फक्त कागदावर! तिन्ही आकडे वडिलांना दाखव, आईलाही दाखव. आपलं पोरगं नुसता धूर काढत नाही, हिशेब करतंय, हे घरात कळलं की पुढचा पाना तेच आणून देतील.

पालक आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्या शाळेत एक जुनं इंजिन ठेवायला जागा आहे का? नक्की विचार करा.