आधी सलामी



पावसाळा सरून होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याचे दिवस आले की मालवणच्या किनाऱ्यावर एक दृश्य नेहमी दिसते. होडीला खांदा देण्यापूर्वी एखादा वयस्क माणूस क्षणभर वाकतो, ओल्या वाळूला बोटे टेकवतो, ती कपाळी नेतो आणि मग कामाला लागतो. नारळी पौर्णिमेला बंदरावर सागराला नारळ अर्पण होतो, तो सोहळा सर्वांना ठाऊक आहे. मी म्हणतो आहे तो त्यानंतर वर्षभर चालणारा, कुणाचे लक्षही जाणार नाही असा लहानसा नमस्कार. तो करणाऱ्याला त्याचे कारण विचारले, तर बहुधा उत्तर मिळणार नाही. हाताला सवय आहे, एवढेच.

असाच एक सवयीचा नमस्कार मला अलीकडे नात्यातल्या एका घरी भेटला, आणि त्याने त्या घरातील एक फार अवघड गाठ सैल केली. आजचे हे सदर त्याविषयी आहे.

माझ्या मामांचा नातू दहा वर्षांचा आहे. गेली दीड वर्षे तो कराटेच्या वर्गाला जातो. वर्गात शिरताना दाराशी थांबून वाकणे, शिक्षकांपुढे वाकणे, सरावातील जोडीदारापुढे वाकणे, निघताना पुन्हा तेच. शिवाय प्रत्येक सूचनेला ‘ओस’ असे उत्तर. हे सारे त्याच्या अंगात इतके मुरले की वर्गाच्या दाराशी ते थांबले नाही. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी तो थबकू लागला. आईने पाणी भरायला सांगितले की उत्तर येई ‘ओस!’ शेजारच्या काकूंनी घावन आणून दिले, तर त्यांनाही दोन्ही हात मांड्यांशी ठेवून वाकून नमस्कार. मामी हसून म्हणाली, “आमचो नातू जपानी झालो!” त्याच्या वडिलांना मात्र ते रुचले नाही. लोक हसतील, ही त्यांची चिंता. मलाही वाटले होते की चार महिन्यांत हे खूळ आपोआप ओसरेल.

ते खूळ नाही, हे थोडे समजून घेतले पाहिजे. जपानी युद्धकलांमध्ये या वाकण्याला ‘रेई’ म्हणतात. शिष्टाचार, आदर आणि कृतज्ञता असे तिन्ही अर्थ त्या शब्दात एकवटले आहेत. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही संस्था स्थापन केली, तेव्हापासून तेथील सरावाचा आरंभ आणि अंत वाकूनच होतो. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी यांनी कराटेसाठी वीस सूत्रे घालून दिली. त्यांतले पहिलेच असे सांगते की कराटेचा प्रारंभही रेईने व्हावा आणि शेवटही. त्यामागे व्यवहारी कारण आहे. ज्याच्यावर आपण आता प्रहार करणार, त्याच्या सहकार्यावाचून आपल्याला काहीच शिकता येणार नाही. त्याला इजा होऊ न देण्याचे वचन आधी द्यावे लागते. वाकणे म्हणजे ते वचन.

आपल्या तालमीतही हेच चालत आले आहे. लाल माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून हौदा तयार होतो. पहिलवान उतरताना मारुतीला हात जोडतो, चिमूटभर माती कपाळाला लावतो, आणि कुस्ती लागण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवून सलामी देतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, जे शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये उभे राहिले, हजारोंच्या गर्जनेतही ही सलामी चुकत नाही. ‘सलाम’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ शांती, क्षेम असा आहे. लढतीची सुरुवात क्षेमाच्या शब्दाने व्हावी, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. सूर्यनमस्काराचे तर काय सांगावे! इतर देशांत व्यायामाच्या आधी नमस्कार करतात. आपण नमस्कारालाच व्यायाम करून टाकले.

आता मामांकडे वळतो. ते तरुणपणी मुंबईला परळच्या एका गिरणीत कामाला होते. कोकणातून गेलेल्या कितीतरी तरुणांप्रमाणे त्यांनीही गिरणगावातील एका तालमीत पहाटेचे तास घालवले. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला. तो लांबत गेला आणि इतर हजारोंसारखे तेही गावी परतले. पुढली वर्षे रापणीवर आणि माडांच्या बागेत गेली. चार वर्षांपूर्वी नावे विसरणे सुरू झाले, मग वाटा, मग माणसे. अल्झायमरचा स्मृतिभ्रंश, असे निदान झाले.

ज्या घरांत हा आजार आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. सर्वांत कठीण वेळ असते ती आंघोळीची. मामी मला म्हणाली, “तेंका आंघोळीक न्हेवक गेला की अंगावर धावान येतत.” एकदा त्यांनी मुलाचा हात इतक्या जोराने पिरगळला की तो सुजला. मुलगा चिडला, मामी रडली, आणि दोन दिवस मामांना कुणी आंघोळीसाठी बोलावलेच नाही. मनात आणून पाहा: आपण खुर्चीत बसलो आहोत, आणि कुणी अनोळखी माणूस मागून येऊन दंड धरतो, सदऱ्याची बटणे सोडू लागतो. त्याचा हात झटकून टाकण्यात वेडेपणा तो कोणता?

एका रविवारी नातू वर्गावरून पांढऱ्या गणवेशातच घरी आला. मामा पडवीत बसले होते. पोराने सवयीप्रमाणे समोर येऊन पाय जुळवले, नजर खाली केली आणि वाकला. मामांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग खुर्चीतूनच पुढे झुकून जमिनीला बोटे लावली, ती कपाळी नेली, मांडीवर शड्डू ठोकला आणि उजवा हात पुढे केला. सलामीचा हात! पोराने तो धरला. तो हात न सोडताच म्हणाला, “आजोबांनू, चला.” आणि दोघे न्हाणीकडे गेले. त्या दिवशी कुणी ओरडले नाही.

यात चमत्कार नाही. अल्झायमरच्या आजारात मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर झिजू लागतो. कालपरवाच्या घटना, नवी नावे यांची नोंद तेथे होत असते. परंतु हातापायांनी शिकलेल्या कृतींची स्मृती मुख्यतः मेंदूच्या खोलवरच्या गाठींमध्ये आणि अनुमस्तिष्कात सांभाळली जाते, आणि ती पुष्कळदा बराच काळ टिकते. म्हणूनच नातवाचे नाव विसरलेल्या आजीला अभंगाची चाल आठवते, आणि जाळ्याची गाठ कशी मारावी हे हात विसरत नाहीत. मामांना समोरचा मुलगा कोण हे ठाऊक नव्हते. मात्र सलामी देणाऱ्याला सलामी द्यायची असते, आणि ती देणारा आपला शत्रू नसतो, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाशी कसे वागावे याचा जो सल्ला सर्वत्र दिला जातो, तो कराटेतील त्या नमस्कारात जवळजवळ जसाच्या तसा दडलेला आहे. मागून येऊ नका, समोरून या. एका पावलाच्या अंतरावर थांबा. नजरेच्या पातळीवर या. आपण कोण ते थोडक्यात सांगा. प्रतिसादाची वाट पाहा, आणि तो मिळाल्यावरच हात लावा. घाईत असलेली सून किंवा थकलेला मुलगा हे वाचतो, पटते म्हणतो, आणि सकाळी सात वाजता विसरतो. दहा वर्षांच्या पोराला ते विसरता येत नव्हते, कारण त्याच्या अंगाला तसे वळण लागले होते.

तुमच्या घरात पहिलवान नसेल. दशावतारात काम केलेले, भजनात पखवाज वाजवणारे, सैन्यात राहिलेले, जन्मभर शाळेत ‘नमस्ते गुरुजी’ ऐकलेले कुणी असेल. त्यांच्या आयुष्यातील जुना नमस्कार कोणता, हे घरातल्या जाणत्या माणसांना विचारा आणि तो करून पाहा. मोठ्या आवाजात, सारखा, थट्टेने मात्र करू नये. थट्टा ओळखण्याची शक्ती पुष्कळ उशिरापर्यंत शाबूत असते, असा माझा अनुभव आहे.

असे वळण लागायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ठरावीक वेळी एक साधी कृती करायची, ती अंगवळणी कधी पडते ते पाहायचे. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाच्या बाबतीत २५४ दिवसांचा हिशेब निघाला. मध्यावरचा आकडा ६६ होता. एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही, असेही त्यातून दिसले. तेव्हा एकवीस दिवसांत सवय लागते या लाडक्या समजुतीला आता निरोप द्यायला हरकत नाही. कृती एखाद्या ठिकाणाशी जोडलेली असली तर ती लवकर रुजते. कराटेच्या वर्गाचा दरवाजा, तालमीतील हौद्याची कड, घराचा उंबरठा: शरीर तेथे पोहोचले की उरलेले आपोआप घडते. मामांच्या सुनेने न्हाणीच्या दाराशी थांबून एक दीर्घ श्वास सोडायचा, असा नेम स्वतःला लावून घेतला आहे. श्वास सावकाश सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हे शरीरशास्त्रात सिद्ध आहे. ती म्हणते, तेवढ्यात तोंडाशी आलेला शब्द मागे जातो.

आता थोडे शरीराविषयी, कारण नमस्कार मनापासून असला तरी कंबर आपलीच असते. वाकताना पाठीची कमान न करता कमरेच्या सांध्यातून झुकावे, गुडघे किंचित सैल ठेवावेत; कराटेच्या वर्गात मुलांना हेच शिकवतात, आणि पाया पडतानाही ते उपयोगी आहे. वयस्कांनी, विशेषतः रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी, वाकून झटकन वर येऊ नये. उठून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाबाचा वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर डॉक्टर त्याला विकार समजतात. वाकून वर आल्यावरही ज्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यांनी ती गोष्ट ‘वयाचे असते’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावी. देवघरापुढे कोसळून खुब्याचे हाड मोडल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील. अशांनी बसूनच हात जोडावेत. देव रागावत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, कारण ती पालकांनी वाचणे आवश्यक आहे. रेई एकतर्फी नसते. विद्यार्थी वाकतो तेव्हा शिक्षकही वाकतो. हौद्यात मल्ल सलामी देतो, तशी घेतोही. जेथे मुलांनी वाकायचे आणि मोठ्यांनी फक्त ताठ उभे राहून ते स्वीकारायचे, जेथे आदराच्या नावाखाली मार बसतो, किंवा वर्गात घडलेले घरी सांगू नये असे मुलाला बजावले जाते, तेथे आपले मूल ठेवू नका. गुरूपुढे झुकलेली मान म्हणजे प्रत्येक आज्ञेला दिलेला होकार नव्हे, हे मुलाला शब्दांत सांगितलेच पाहिजे. ते आपोआप कळत नाही. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो त्यालाही पाठ असू द्या. तसेच नको असताना एखाद्या पाहुण्याला बिलगण्याची सक्ती मुलावर करू नये. लांबून हात जोडणे हा पूर्ण नमस्कार आहे, आणि त्यात मुलाचे अंग त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहते.

मामांच्या घरी आता नातवाच्या ‘ओस’वर कुणी हसत नाही. त्याचे वडीलही सकाळी पडवीत समोर जाऊन उभे राहतात. वाकायला अजून लाजतात, नुसता हात पुढे करतात. सगळे सुरळीत झाले आहे असे मात्र समजू नका. हा आजार पुढेच जातो, मागे फिरत नाही. गेल्या महिन्यात मी तेथे होतो. न्हाणीत पाणी तापले होते. नातू समोर गेला, पाय जुळवले, वाकला. मामांनी पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली. पोरगा वाकलेलाच राहिला. मामांचा हात खुर्चीच्या दांडीवरून हलला नाही. मग तो सरळ झाला, जराही न खट्टू होता म्हणाला, “बरा आजोबांनू, मगे करूया,” आणि दप्तर शोधायला आत गेला. पाणी निवून गेले. दुपारी मामीने ते पुन्हा तापवले.