फावल्या वेळचा उद्योग : संकेतस्थळांची पारख

घरबसल्या करतां येईल असा एखादा उद्योग सुचवा, अशीं पत्रें आमच्याकडे नेहमींच येतात. अलीकडे त्यांपैकीं बऱ्याच पत्रांत एकच पृच्छा असते : संकेतस्थळें व अ‍ॅप्स वापरून पाहून त्यांविषयीं अभिप्राय देण्याचें काम खरें कीं खोटें? काम खरें आहे. मात्र त्याच्या नांवाखालीं चाललेली लबाडीहि तितकीच खरी आहे.

खऱ्या कामाचें स्वरूप असें. आपलें संकेतस्थळ सामान्य माणसास उमगतें कीं नाहीं, हें कंपनीस पाहावयाचें असतें. ज्यानें तें रचिलें त्यास त्यांतील खाचखळगे दिसत नाहींत. स्वतःचें हस्ताक्षर कोणास वाचतां येत नाहीं? म्हणून परक्या माणसास एखादें काम नेमून देतात — तिकीट काढा, पत्ता बदला — आणि तें करीत असतां मनांत येईल तें मोठ्यानें बोलावयास सांगतात. पडद्यावरील हालचाल व आवाज यांची नोंद होते. अमेरिकेंत २००७ सालीं स्थापन झालेली यूजरटेस्टिंग ही संस्था या कामाबद्दल प्रसिद्ध आहे. तिच्या सुमारें २० मिनिटांच्या चाचणीचा मोबदला पुष्कळ वर्षें १० डॉलर ठरलेला होता. या विषयांतील जाणकार जेकब नील्सन यांनीं २००० सालीं असें प्रतिपादिलें कीं, अवघीं ५ माणसें बसविलीं तरी सुमारें ८५ टक्के दोष उघडकीस येतात.

येथें विद्वत्तेचें कांहीं चालत नाहीं, हें आमच्या सुशिक्षित वाचकांस कदाचित् रुचणार नाहीं. ‘रंगसंगति मनोहर आहे’ असल्या अभिप्रायास कवडीची किंमत नाहीं. उलट, ‘पुढें जाण्याचें बटण कोठें आहे?’ असें एखाद्या आजीबाईंनीं पुटपुटलें, कीं काम झालें! आपली भीड मात्र आड येते. दुसऱ्याच्या वस्तूस नांवें ठेवणें आपणांस असभ्य वाटतें, आणि कोठें अडलों तर दोष आपलाच असें समजून आपण गप्प बसतों. येथें तर त्या अडखळण्याचेच पैसे मिळतात.

तथापि यावर संसार चालेल अशी आशा कोणी धरूं नये. प्रत्येक चाचणीपूर्वीं वय, व्यवसाय इत्यादि विचारून पुष्कळांस तेथूनच परत पाठवितात. त्या वेळेचा मोबदला नाहीं. बोलणेंहि बहुधा इंग्रजींत करावें लागतें.

आतां लबाडीविषयीं. व्हॉट्सअ‍ॅप अथवा टेलिग्रामवर अनोळखी माणूस गळ टाकतो : अमुक हॉटेलास पांच तारे द्या, रुपये घ्या. पहिल्या एकदोन वेळां पैसे खरोखरच येतात, आणि तेथेंच भलीं माणसें फसतात. पुढें मोठ्या कामासाठीं अनामत मागतात. पडद्यावर नफा फुगत चाललेला दिसतो. तो काढावयास जावें, तों कर म्हणून आणखी रक्कम भरा! खरें काम देणारा आपणांकडून एक पैसाहि घेत नाहीं, ओटीपी विचारीत नाहीं. आणि कधींहि न पाहिलेल्या हॉटेलाची स्तुति लिहिणें, ही तर आमच्या मतें विकत दिलेली खोटी साक्षच होय.

पैसे गेलेच असतील तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. चोर ते खात्यांमागून खात्यांत हलवीत असतात, म्हणून पहिले कांहीं तासच मोलाचे. पुष्कळ भगिनी घरांतील बोलण्यांच्या भयानें हे तास दडवून घालवितात. घरच्यांनीं रागावयाचेंच असेल, तर फोन होऊन गेल्यावर रागवावें.