शेजारच्या आजीचा गाल

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यात दोन महिने मी धाकट्या जावेकडे आयर्लंडला होते, गॉलवे शहरात. तिच्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहतात. एकदा त्यांच्याकडे चहाला गेलो, तर भिंतीवर एका म्हातारीचं चित्र! बाईंची आजी. कॉनेमारातली, म्हणजे गॉलवेच्या पश्चिमेला खडकांचा आणि दलदलीचा मुलूख आहे तिथली. चित्र पेस्टलचं. आपली मुलं शाळेत नेतात ते तेलकट खडू नव्हेत बरं का! हे कोरडे नि मऊ. रंगाची पूड जेमतेम डिंकाने बांधलेली.

म्हातारीच्या अंगावर जाड लोकरी शाल. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी काळोखात. मी म्हटलं, काय चित्रकाराची करामत! बाई हसल्या. "करामत कसली, घरात वीजच नव्हती!" तिकडे खेड्यांतून वीज न्यायला १९४६ साली सुरुवात झाली, आणि हे चित्र १९५०च्या सुमाराचं. तिथल्या घरांना अर्धं दार असे. खालची फळी मिटली की कोंबड्या आत येत नाहीत, वरची उघडी ठेवली की उजेड येतो. त्या उजेडात आजी बसलेली. काळोखाची बाजू रंगवलेलीच नाही, नुसता तपकिरी कागद सोडलाय. सुरकुत्याही मोजक्याच. बोटाने पुसून आणलेला गाल मात्र असा तांबूस, की उभा जन्म चुलीपुढे गेला हे सांगायलाच नको. चुलीत जळण म्हणून दलदलीतली माती कापून, वाळवून घालत.

चित्र खरं तर बॉस्टनला जायचं होतं. आजीचे दोन मुलगे तिकडे होते. पूर्वी अमेरिकेला जाणाऱ्यासाठी आदल्या रात्री सगळा शेजार जागायचा. मयताच्या घरी जागतात तसाच, आणि नावही तेच, 'अमेरिकन वेक'. गेलेला परत येईल असं कुणी धरतच नसे. टपालाने पाठवलं तर पूड झडेल, म्हणून "कुणी जाणारं भेटलं की देऊ" असं म्हणता म्हणता चित्र राहिलं ते राहिलंच.

"पण गालावर हा पांढुरका डाग कसला?" मी विचारलं. जावेने कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता.

दोन वर्षांपूर्वी काच तडकली. फ्रेमवाल्याने काचेऐवजी प्लॅस्टिक बसवलं, हलकं आणि न फुटणारं. साधं प्लॅस्टिक पुसलं की त्यात वीज भरते, कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तशी, आणि पूड ओढली जाते. तुमच्याकडे असं चित्र असेल तर खरी काचच लावा, आणि मधे जाड पुठ्ठ्याची चौकट घालून ती कागदापासून दूर ठेवा. ओलीच्या भिंतीवर किंवा उन्हात टांगू नका. आणि चित्रावर फडका तर मुळीच नको!

रंग भरून देणारे कारागीर आहेत, पण मग तो गाल आजीचा राहणार नाही, असं बाईंचं म्हणणं. मला ते पटलं नाही. डाग रोज डोळ्यांत खुपण्यापेक्षा भरून घ्यावा, असं मी बोलूनही गेले. बाई काही बोलल्या नाहीत. उठून खणातून कागदात गुंडाळलेलं ते प्लॅस्टिक काढलं आणि खिडकीशी धरलं. त्यावर रुपयाएवढा गुलाबी, धुरकट ठसा होता.