शनिवार-रविवारच्या घरात राजहंस नकोत

दरवर्षी मे महिना सरत आला की रायगड जिल्ह्यातल्या आमच्या शिळफाट्याच्या आसपासचे बंगलेवाले मला एकच गोष्ट विचारतात : राजहंसाची जोडी मिळेल का? कारणही ठरलेलं. पाऊस लागला की साप निघतात, आणि राजहंस असले की आवारात साप फिरकत नाही असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवलेलं असतं. सासरच्या वरकस जमिनीच्या तुकड्यावर मी बऱ्याच वर्षांपासून राजहंस पाळते, म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना नाही म्हणते. का म्हणते, ते फाटकापाशी उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

पहिल्यांदा सापाचंच बोलू. आपल्याकडे मिळणारा राजहंस म्हणजे पांढरा, लांब मानेचा, चोचीच्या मुळाशी नारिंगी गाठ असलेला चिनी जातीचा पक्षी. मंगोलिया आणि उत्तर चीनकडच्या रानटी पक्ष्यापासून माणसाने तो माणसाळवला. उजनी-जायकवाडीला थंडीत उतरणारे पट्टकादंब हे त्याचे रानातले भाऊबंद. हा पक्षी गवत खाणारा आहे. सकाळी खुराडं उघडलं की माझे राजहंस बांधावर जातात आणि गुरांसारखे ओळीने चरतात. चोचीच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, त्यात पातं धरायचं आणि मान झटकून तोडायचं. साप हे त्यांचं खाणं नाही. मोर साप मारतो, मुंगूस मारतो. राजहंस साप दिसला तर मान उंचावतो, फुत्कारतो आणि ओरडतो. एखादा नर पंख पसरून अंगावर धावतोही. पण आवाराची राखण करून साप हाकलत बसणं हे त्याच्या स्वभावात नाही.

ओरडतो, हे मात्र खरं. गॉल टोळ्या रात्री रोमच्या टेकडीवर चढल्या तेव्हा देवळातल्या राजहंसांनी तिथल्या सैनिकांना जागं केलं, ही इसवी सनापूर्वी 390 च्या सुमाराची कथा जगभर सांगितली जाते. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनला व्हिस्कीच्या गोदामांवर 1959 पासून 2012 पर्यंत राजहंसांचा पहारा होता. ब्राझीलमधल्या एका तुरुंगाने अलीकडे कुत्र्यांच्या जागी राजहंस ठेवले. या सगळ्या ठिकाणी ओरडा ऐकून उठणारं माणूस होतं, हे आपण विसरतो. आपल्याकडच्या बंगल्यात सोमवार ते शुक्रवार राजहंस कुणासाठी ओरडणार?

त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती तर कुणी लक्षातच घेत नाही. राजहंसाला दाणा घातला की तो सांडतो. भात, मका, कोंडा. संध्याकाळी उरलेलं उचललं नाही की रात्री उंदीर येतात, आणि उंदरांमागे धामण येते, नाग येतो, घोणसही येते. म्हणजे साप येऊ नये म्हणून आणलेला पक्षीच निष्काळजी घरात सापाला वाट दाखवतो. अंड्यांवर आणि लहान पिल्लांवरही सापाचा डोळा असतो. अजगराला तर पुरा वाढलेला राजहंस जड नाही. आणि ज्याचं खरं भय बाळगावं, तो मण्यार. तो रात्रीचा फिरतो, घरात शिरतो, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही, फार दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात. खुराड्यात बंद असलेले राजहंस याच्यावर काय करणार? त्यावर इलाज साधे आहेत. भिंतीलगतचा विटांचा, लाकडांचा, कौलांचा ढीग हलवायचा. दाराखालची फट बुजवायची. कॉटवर निजायचं, मच्छरदाणी गादीखाली खोचायची, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि चावलाच तर मांत्रिक नाही, आवळपट्टी नाही, थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते आणि ती तिथे फुकट मिळते. याच रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश आणि सर्पदंशावर आयुष्यभर काम केलं; वेळेत दवाखाना गाठला तर माणूस वाचतो, हे या जिल्ह्याला तरी नव्याने सांगायला नको.

साप बाजूला ठेवला तरी माझं म्हणणं तेच राहतं, आणि ते या पक्ष्याच्या स्वभावामुळे.

थंडी पडू लागली की माझ्याकडची मादी खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढा ओढून खळगा करते. दिवसाआड एक अंडं. अंडी पुरेशी झाली की ती खुडूक बसते आणि स्वतःच्या छातीचं मऊ पीस उपटून खळग्यात अंथरते. छाती उघडी पडते, अंड्यांना अंगाची ऊब थेट लागते. दिवसातून एकदा ती उठते. उठताना ते पीस चोचीने अंड्यांवर ओढून घेते, घाईघाईने पाणी पिते, गवताचे चार घास खाते, टाकीत एक डुबकी मारते आणि ओल्या पोटाने परत येऊन बसते. महिनाभर हेच. या सगळ्या काळात नर दारापासून हलत नाही. मी रोज दाणा घालणारी, तरी मलाही मान जमिनीलगत ताणून फुत्कारतो. पिल्लं निघाली की दोघं मिळून वाढवतात, बापही तितकाच. अंड्यातून बाहेर आल्यावर पिल्लू जे हलतं-बोलतं पहिल्यांदा बघतं त्यालाच आई मानतं, हे कोनराड लोरेन्त्स यांनी राजहंसांच्या पिल्लांवरच अभ्यासलं. 1973 साली त्यांना नोबेल मिळालं त्यात या पक्ष्यांचा वाटा मोठा होता. जोडी जमली की ती वर्षानुवर्षं टिकते. नीट सांभाळलेला राजहंस 20 वर्षं जगतो. ज्या घरात माणूसच आठवड्यातून दोन दिवस असतं, त्या घराने इतक्या गुंतणाऱ्या जिवाला आणावं का, हा माझा प्रश्न आहे.

एक्स्प्रेस-वे झाला आणि मुंबईहून खालापूर-कर्जत दोन तासांवर आलं. भाताची खाचरं प्लॉट झाली, प्लॉटवर बंगले झाले. त्यात शोभेला हिरवळ आली, तरणतलाव आला, पेव्हर ब्लॉक आले आणि फोटोत छान दिसतात म्हणून राजहंस आले. यातली एकेक वस्तू राजहंसाला कशी बाधते ते पाहा. हिरवळीवर तणनाशक आणि किड्यांचं औषध मारलेलं असतं. हा पक्षी दिवसभर तेच गवत खातो. पेव्हर ब्लॉकवर चालून तळव्यांना घट्टे पडतात, ते फुटतात, त्यात पू होतो. तरणतलावात क्लोरीन असतं आणि कडेला चढायला उतार नसतो. राजहंस सारखा विष्ठा टाकतो, चरणारा पक्षी तो, त्याला इलाज नाही. मग पाहुणे यायच्या आधी त्याला मागच्या पिंजऱ्यात कोंडतात, आणि पाहुणे गेल्यावर बाहेर काढायची आठवण राहत नाही. त्याला डोकं पूर्ण बुडवता येईल एवढं खोल, स्वच्छ पाणी रोज लागतं, नाहीतर डोळे आणि नाकपुड्या चिकटतात. घमेल्यातल्या बोटभर पाण्याने ते भागत नाही.

आणि हे सगळं करायचं कुणी? आवाराच्या कोपऱ्यातल्या एका खोलीत राहणाऱ्या माळ्याच्या कुटुंबाने. माझ्या शेजारच्या बंगल्यावर एक कातकरी जोडपं होतं. त्यातली बाई एकदा रिकामी पिशवी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, शेठ सांगून गेले ब्रेड टाक. ब्रेड बुधवारीच संपला. आता काय टाकू?" मी तिला भात दिला, पण मनात आलं, बुधवार ते शनिवार ती काय स्वतःच्या पोरांच्या ताटातलं टाकणार? मालकाने पक्षी आणले, त्याच्या दाण्याचा पैसा दिला नाही, वाढलेल्या कामाचा पगार दिला नाही. पक्षी मेला तर बोलणी मात्र तिलाच बसणार होती. शिवाय ब्रेड हे राजहंसाचं अन्न नाही. वाढत्या पिल्लांना असलं भरपूर आणि निसत्त्व खाणं मिळालं की पिसांच्या वजनाने पंखाचं टोक बाहेरच्या बाजूला पिळवटतं, आणि मग ते जन्मभर तसंच राहतं. पावसाळ्यात बुरशी धरलेली पेंड तर त्याहून वाईट. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिनला बदक-राजहंसांची पिल्लं फार लवकर बळी पडतात. आमच्याकडे घाटाखालचा पाऊस, कोरडं धान्यही आठवड्यात वास मारतं. पोत्यात हात घालून रोज वास घेणारं कुणी असावं लागतं.

शेजारच्या वाडीचाही विचार करायला हवा. बर्ड फ्लूचा आज जगभर फिरणारा विषाणू 1996 साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव राजहंसातच प्रथम सापडला. 2006 साली तो नवापूरला आला, आणि 2025 च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला. असा रोग निघाला की आजूबाजूच्या एक किलोमीटरातले सगळे पाळीव पक्षी मारतात. पाणपक्ष्यांत रोग असूनही पुष्कळदा लक्षणं दिसत नाहीत. ज्या आवारात आठवडाभर पक्ष्यांकडे बघायला कुणी नाही, तिथला रोग कळेपर्यंत वाडीतल्या ठाकर-कातकऱ्यांच्या कोंबड्या गेलेल्या असतात. त्यांच्या दृष्टीने त्या कोंबड्या म्हणजे औषधपाण्याला, सणाला काढायचे पैसे आहेत. म्हणून आवारात राजहंस असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यांची नोंद असावी, मेलेला पक्षी ओढ्यात न टाकता तिथे कळवावा, आणि ग्रामपंचायतींनी नव्या बंगल्यांना हे लेखी द्यावं, असं मला वाटतं. लावणीच्या दिवसांत मोकळे सोडलेले राजहंस शेजाऱ्याची कोवळी रोपं फस्त करतात, तेही त्यात लिहावं. त्यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे पक्षी मागायला येणाऱ्यांपेक्षा सोडायला येणारे वाढले. बंगला विकला, नव्या मालकाला नको. मुलं मोठी झाली, आता कुणी येत नाही. एका जोडीतली मादी कुत्र्यांनी फाडली होती. रात्री जाळीबंद खुराडं नव्हतं, एवढंच कारण. नर एकटा आणून ठेवला. तो कित्येक दिवस माझ्या कळपाच्या बाहेर, कुंपणाला लागून उभा असायचा आणि गाडीचा आवाज आला की ओरडायचा. चरायला लागला तो फार उशिरा. हे दुःख नव्हे असं मला कुणी समजावून सांगू नये.

जे इथेच राहतात, ज्यांच्या घरी पहाटे उठून खुराडं उघडणारं आणि दिवेलागणीला बंद करणारं माणूस आहे, ज्यांच्याकडे औषध न मारलेलं गवत आणि वाहतं किंवा रोज बदलता येणारं पाणी आहे, त्यांनी जरूर पाळावेत. त्यांना मी पिल्लंही देते, जोडीपेक्षा कमी कधीच नाही. बाकीच्यांनी शनिवारी येऊन माझ्या बांधावर मुलांसह हवं तेवढं बसावं. आणि ज्यांनी आधीच आणले आहेत त्यांनी निदान एवढं करावं : माळ्याच्या पगारात पक्ष्यांच्या कामाचे पैसे वेगळे धरावेत, महिन्याचा दाणा एक तारखेला आणून द्यावा, खुराड्याला जाळी आणि कडी लावावी. बंगला विकायचा झालाच, तर व्यवहार ठरण्याआधी राजहंसांना कळप असलेलं घर शोधावं, आणि जोडी तोडू नये.